शेवटचा पॅच कंपाइल झाला म्हणजे झालं? या चुका टाळा

"दादा, माझ्याकडं तर बिल्ड होतंय की!" मी सांगलीत घरून काम करतो आणि हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी फोनवर ऐकतो. होत असणारच. सगळे पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचे क्रमानं लावायचे तुकडे, लावल्यावर होतं. मधल्या पॅचवर थांबून मेक (कोड कंपाइल करणारी कमांड) मारलंस का, विचारलं की पलीकडं शांतता.

ही पहिली चूक. सिरीजमधला प्रत्येक पॅच आपापल्या जागी कंपाइल झाला पाहिजे. लिनक्स कर्नलला पॅच पाठवायच्या नियमांत हे लिहूनच ठेवलंय, आणि कारण आहे गिट बायसेक्ट. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटची ही कमांड, चांगल्या आणि वाईट आवृत्तीच्या मधोमध तपासत बग आणणारा पॅच शोधते.

हे मी स्वतःच्या पापातून शिकलो. दूध संकलन केंद्रावरच्या वजनकाट्याचं फर्मवेअर, आठ पॅचची सिरीज. रात्री साडेअकराला मी पॅच मागंपुढं केले. पाचव्यात वजन वाचणाऱ्या फंक्शनला एक आर्ग्युमेंट वाढलं, पण ते फंक्शन बोलावणाऱ्या फाइली दुरुस्त होत होत्या आठव्यात. मधले पाच, सहा, सात कंपाइलच होत नव्हते. शेवटी सगळं हिरवं, म्हणून मी झोपलो.

महिन्याभरानं पावतीवर ग्रॅम चुकायला लागले. सकाळी सहाला कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दहा ग्रॅमचा हिशेब तोंडपाठ असतो, त्याला 'बघतो' म्हणून चालत नाही. बायसेक्ट लावलं. चौथा चांगला, आठवा वाईट, मधले तिन्ही स्किप. गिटनं शेवटी सांगितलं, या चारपैकी कुठलाही असू शकतो. दीड दिवस डोळे फोडून वाचल्यावर सापडलं: सहाव्या पॅचमध्ये 'जाता जाता' केलेलं राउंडिंग. तो कंपाइल होत असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

तेव्हापासून साधा रिबेस (पॅच एकेक करून पुन्हा लावणं) मी मारतच नाही. 'गिट रिबेस -आय --एक्झेक "मेक -जे8" मेन'. प्रत्येक कमिटनंतर, म्हणजे गिटमध्ये नोंदलेल्या प्रत्येक पॅचनंतर, मेक चालतं, जिथं फुटतं तिथं रिबेस थांबतो. तिथंच दुरुस्त करायचं, अमेंड करून त्याच कमिटमध्ये घालायचं, कंटिन्यू. आणि हे सगळं झाल्यावर एकदाच नाही. एक पॅच जरी हलवला तरी पुन्हा. इथं आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे, पण 45 ची वाट बघत कोण बसतं? कोयनेतून विसर्ग वाढला म्हटलं की सामान माळ्यावर जातं.

"वेळ लागतो" ही सबब मला सांगू नका. सीकॅश टाका, ते आधी कंपाइल झालेलं जपून ठेवतं. तेवढ्यात चहा होतो.

दुसरी चूक जास्त लबाड आहे, कारण ती एक्झेकलाही फसवते. नवी हेडर फाइल तयार केली, गिट ॲड करायची (गिटच्या नोंदीत घ्यायची) राहिली. फाइल फोल्डरमध्ये पडून आहे. रिबेस अशा अनट्रॅक्ड, म्हणजे नोंदीत नसलेल्या, फाइलींना हात लावत नाही, त्यामुळं कंपायलरला ती प्रत्येक पॅचवर सापडते आणि सगळे पॅच पास. रिव्ह्यू करणाऱ्याकडं मात्र पहिल्याच मिनिटाला 'नो सच फाइल'. माझा उपाय: 'गिट वर्कट्री ॲड' करून शेजारी कोरं फोल्डर काढायचं आणि एक्झेक तिथंच चालवायचं. तिथं कमिट झालेलं तेवढंच असतं. 'गिट ॲड -पी'नं अर्धी फाइल उचलणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं.

किरकोळ चुका:

टोकाला 'बिल्ड फिक्स' नावाचा नववा पॅच चिकटवू नका. कुठल्या पॅचची दुरुस्ती आहे ते सांगणारं फिक्सअप कमिट करा, रिबेसचा ऑटोस्क्वॅश पर्याय त्याला जागेवर नेतो.

वॉर्निंग वाचा. डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरलं तर सी भाषेचा कंपायलर जीसीसी 14 थेट एरर देतो. त्याआधीचे बरेच कंपायलर नुसतं कुरकुरायचे आणि पुढं जायचे.

इफडेफच्या आतला, म्हणजे ठरावीक पर्याय चालू असेल तरच कंपाइल होणारा, कोड बदललाय आणि तो पर्यायच बंद आहे? मग तुम्ही काहीच तपासलेलं नाही.

रिबेसच्या आधी जुन्या टोकावर टॅग (नावाची खूण) ठेवा. टोक कुठं कुठं होतं याची गिटची नोंद, रिफ्लॉग, त्यात ते सापडतं हे मलाही माहीत आहे, पण घाईत शोधून बघा एकदा. काम झाल्यावर टॅग आणि नवं टोक यांच्यात गिट डिफ मारा. पॅच नुसते मागंपुढं केले असतील, तर काहीच छापून येता कामा नये. एक ओळ जरी आली, तरी पाठवू नका. ती कुठून आली ते आधी बघा.