पेंटबॉल मार्कर: वेग जुळवण्याआधी टाकीचा दाब बघा

गोळी कधी जोरात सुटते, कधी मधेच मरगळते, अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी मार्करचा, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीचा, वेग जुळवायचा स्क्रू पिळतात. माझं म्हणणं, आधी टाकी बघा. टाकीत हवा ३००० किंवा ४५०० पीएसआय (दाबाचं एकक) दाबाने भरलेली असली, तरी तिच्या रेग्युलेटरमधून (दाब कमी करून स्थिर ठेवणारा भाग) बाहेर पडते ती साधारण ८०० ते ८५० ने. लो प्रेशर टाकीतून ४५० च्या आसपास. स्वतःचा रेग्युलेटर नसलेल्या साध्या मेकॅनिकल मार्करला सहसा ८०० च लागतो. त्याला ४५० ची टाकी लावली तर बोल्ट (गोळी पुढे ढकलणारा आतला दांडा) नीट मागे येत नाही, नुसता फडफडतो.

इलेक्ट्रॉनिक मार्करला कमी दाब चालतो, पण टाकीचा दाब मार्करच्या रेग्युलेटरपेक्षा भरपूर वर हवा. नाहीतर भराभर गोळ्या सोडल्या की वेग घसरतो.

मार्करचा दाब कमी केलात, तर लगेच मोजू नका. आत जुनाच दाब अडकलेला असतो. चार-पाच फैरी रिकाम्या झाडा, मगच क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) बघा. दोन मिनिटं थांबून पहिली गोळी पुन्हा मोजा. तीच एकटी जास्त वेगाने गेली, तर रेग्युलेटरचं सील गेलंय, तिथे स्क्रू पिळून उपयोग नाही. मर्यादा ३०० फूट प्रति सेकंद, बऱ्याच मैदानांवर २८०.

टाकीचा दाब आतल्या चकत्यांनी बदलतो. ते काम टाकी पूर्ण रिकामी करून, जाणकाराकडूनच करून घ्या. आणि मोजतानाही गॉगल डोळ्यांवरच हवा!