जुन्या गाण्याच्या तुकड्यावर नाचाचं गाणं बांधताना

कोल्हापुरात मिरवणुकीत वाजवायचं गाणं असेल तर वेग १२८ बीपीएम (मिनिटाला १२८ ठोके) धरा. ज्याचा तुकडा घ्यायचा ते मूळ गाणं ११६ ते १३५ मधलं निवडा. त्याहून जास्त ताणलं, म्हणजे सॉफ्टवेअरनं वेग बदलला, की गायिकेचा आवाज पाण्यातून आल्यासारखा डुचमळतो.

खरी मेहनत इथंच आहे. जुनी गाणी माणसांनी वाजवलेली, म्हणून लय दर कडव्याला थोडी सरकते. अख्ख्या गाण्याला एकच वेग लावला तर विसाव्या मात्रेपर्यंत नवी किक (ड्रमचा जाड, खालचा ठोका) आणि जुन्या गाण्यातली ढोलकी एकमेकींवर आपटायला लागतात. दर चार आवर्तनांनी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) खूण ठोका, मगच ताणा. सूरही तपासा: टेपच्या वेगामुळं तो पेटीवरच्या काळी चार आणि पांढरी सहा या शेजारच्या पट्ट्यांच्या मधेच कुठंतरी लटकलेला असतो. नवा बास त्यालाच जुळवा.

तुकड्यातला १२० हर्ट्झखालचा (अगदी खर्जाचा) भाग कापा, ती जागा नव्या किकची. कापलेल्या टोकांना ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या, नाहीतर टिक् ऐकू येते. ड्रॉपला (थांबलेला ठेका जोरात परत सुरू होतो तिथं) हलगी-घुमकं स्वतः रेकॉर्ड करून घाला; हलगी शेकून घेतलेली हवी, गार हलगी बदबद वाजते.

प्रसिद्ध करण्याआधी परवानग्या दोन: ध्वनिमुद्रणाची वेगळी, शब्द-चालीची वेगळी.