बायपास सोडा, तापी ओलांडा: जोडीनं खान्देश फिरताना

खान्देशाबद्दलचे बहुतेक समज एकाच खिडकीतून तयार झालेले असतात. मे महिन्यात, भर दुपारी, सुरत-नागपूर महामार्गावरून जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून. बाहेर ४४ अंश, दोन्ही बाजूंना नांगरून उघडी पडलेली काळी जमीन, ढाब्यावर तर्रीनं लाल झालेली शेवभाजी आणि वाढणाऱ्या पोऱ्याचं अर्धंच कळलेलं बोलणं. तेवढ्यावरून ठरतं की इथे ऊन, तिखट आणि गावंढळ भाषा यापलीकडे काही नाही. नवरा-बायकोपैकी एक जण जळगाव-धुळ्याकडचा आणि दुसरा पुण्याचा किंवा कोकणातला असेल, तर हे समज लग्नाच्या पंगतीपासूनच घरात मुक्कामाला असतात. उलट बाजूचेही असतात: पुण्याची माणसं चहा विचारत नाहीत, कोकणातली मोजून वाढतात. खालची सहा दिवसांची आखणी अशा जोडीसाठी आहे.

निघण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर पाच-पाच वाक्यं लिहायची. बाहेरच्यानं खान्देशाबद्दल, खान्देशी जोडीदारानं समोरच्याच्या मुलखाबद्दल. वाक्य तपासता येईल असं हवं. 'लोक रांगडे असतात' हे तपासणार कसं? 'अनोळखी माणसाला अरे-तुरे करतात' हे तपासता येतं. कागद गाडीच्या कप्प्यात ठेवा आणि रोज रात्री मुक्कामाला पोचल्यावर दहा मिनिटं काढा. गाडी चालवताना हा विषय नको. घाटात वळणावर कुणाच्या माहेराची चर्चा रंगली की चालवणाऱ्याचं लक्ष उडतं. एका ढाब्यावरून वाक्य खोडायचं नाही आणि खरंही ठरवायचं नाही. निदान तीन वेगळ्या तालुक्यांत तोच अनुभव आला पाहिजे.

वेळ नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. भरताची वांगी, ओली तूर, नंदुरबारची मिरची, सगळं याच दिवसांत मिळतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. ती पाहायची असेल तर शहाद्याची खोली आधी ठरवा, कारण त्या दिवसांत आयत्या वेळी मिळणं कठीण. उन्हाळ्यातच यावं लागलं तर आखाजी साधा. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि खापरावरच्या मांड्यांबरोबर आमरस असतो. मात्र मग सकाळी सहा ते अकरा एवढाच प्रवास धरा.

आता रस्ता. महामार्ग तापीच्या दक्षिणेनं जातो. समज बदलायचे तर उत्तरेचा, सातपुड्याच्या पायथ्याचा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता धरायचा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा ही गावं त्याच्यावर ओळीनं येतात. खड्डे आणि न रंगवलेले गतिरोधक गृहीत धरून ताशी ४० किलोमीटरचाच हिशेब करा. नकाशा जी वेळ दाखवेल तिच्यात दर शंभर किलोमीटरमागे पाऊण तास मिळवा.

पहिला दिवस चाळीसगाव. कन्नडचा घाट सकाळी लवकर उतरा, तिथे वाहतूक अडकली तर तास-दोन तास जातात. गावापासून सुमारे १८ किलोमीटरवर पाटणादेवी. तिथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे: गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, त्याची ती नोंद. (तिसऱ्या दिवशी भेटणारे चांगदेव वेगळे, गल्लत नको.) दुपारी चाळीसगाव रेल्वे स्टेशनाजवळ केकी मूस यांचं घर, आता संग्रहालय. हा छायाचित्रकार (१९१२-१९८९) आयुष्याची कितीतरी वर्षं या घराबाहेर जवळपास पडला नाही आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंमधून अख्खे देखावे उभे करत राहिला. 'इकडे कला कुठली' असं कागदावर लिहिलं असेल तर ते इथे जपून वाचा. मुक्कामाला पाचोऱ्यावरून जळगाव.

दुसरा दिवस जळगाव आणि तिखटाचा. गांधी तीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं संग्रहालय, सकाळी उरका, मग आसोदा. शहराला लागून असलेलं हे बहिणाबाई चौधरींचं (१८८०-१९५१) माहेर. इथे एक चूक हमखास होते: बहिणाबाईंची भाषा अहिराणी समजली जाते. त्यांची बोली जळगाव-यावल पट्ट्यातली, लेवा पाटीदार समाजाची. अहिराणी मुख्यतः धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, साक्री या बाजूची. जामनेरकडे तावडी, नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरी. आसोद्यात कुणासमोर 'तुमची अहिराणी किती गोड' म्हटलंत तर माणूस हसून सोडून देईल, पण तुम्ही वाचून आलेला नाहीत हे त्याला कळलेलं असेल.

अहिराणीचे तीन-चार शब्द ओळखता आले की कान उघडतात. 'शे' म्हणजे आहे, 'माले' म्हणजे मला, 'बठा' म्हणजे सगळे, 'आंडोर' म्हणजे मुलगा. समजून घेण्यापुरतं एवढं पुरे. बोलून दाखवायला जाऊ नका. नक्कल आणि प्रयत्न यातला फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो. खान्देशी जोडीदाराला चारचौघांत 'बोलून दाखव ना' असंही म्हणू नये. शाळेत त्याच बोलीसाठी 'शुद्ध बोल' ऐकलेली माणसं पुष्कळ आहेत, आणि ती जखम हसण्यावारी नेली तरी असतेच. दुसरी गोष्ट अरे-तुरेची. इकडे आदर बऱ्याचदा क्रियापदात नसतो, हाकेत असतो: नाना, आप्पा, आबा, भाऊ, ताई. हाक ऐका, मग क्रियापद मोजा.

तिखटाचं वाक्य तपासायला भरीत हवं, तेही डब्यातलं नाही, समोर केलेलं. वांगं लांबट, फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, बिया कमी असलेलं. जळगावच्या या भरीत वांग्याला आणि केळ्याला, दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर अख्खी भाजतात. गॅसवर भाजलेलं वांगं वरून करपतं आणि आतून कच्चट राहतं. काड्यांचा जाळ मोठा पण मऊ, तो सगळीकडून लागतो आणि धूर गरात उतरतो. साल काढून गर बडगीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात, हिरव्या मिरचीबरोबर ठेचतात. मग तेलात जिरं, लसूण, शेंगदाणे, वर कांद्याची पात आणि कोथिंबीर. सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ.

किलोभर वांग्यांना साधारण शंभर ग्रॅम मिरची पडते. दोघांना किलोभर पुरतं, उरलं तर रात्री चालतं. कमी तिखट हवं असेल तर ते ठेचण्याआधी सांगा: 'मिरची निम्मी ठेचा, बाकीची तळून बाजूला द्या.' बाहेरची माणसं नेमकी इथे चुकतात. ताट समोर आल्यावर 'जरा कमी तिखट करता का' म्हणतात. तोवर मिरची गरात मुरलेली असते, ती कुणाला काढता येणार? वर दही ओतलं की धुराची चव जाते आणि करणाऱ्याचा चेहरा उतरतो. शेवभाजीचंही तसंच: शेव आणि रस्सा वेगळा मागवा, तर्री कमी सांगा, शेव खाताना घाला. आधी घातलेली शेव पाच मिनिटांत लगदा होते, मग नाव भाजीला ठेवलं जातं.

आणि त्याच रात्री वरण-बट्टी शोधा. जाड दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. गोळे उकडून कापायचे, तळायचे, वर तुरीचं साधं वरण आणि तूप. भंडाऱ्यांत आणि लग्नाच्या पंगतींत वाढलं जाणारं हे जेवण लहान मूलही खाईल इतकं सौम्य असतं. 'खान्देशी म्हणजे तिखट' हे वाक्य खोडायचं नसेल तर निदान 'ढाब्यावरचं' हा शब्द त्याच्या आधी घाला.

तिसऱ्या दिवशी भुसावळवरून मुक्ताईनगर आणि चांगदेव. तापी-पूर्णेचा संगम, काठावर जुनं दगडी मंदिर. मग तापी ओलांडून रावेर, सावदा, फैजपूर. उजाड खान्देशाचं चित्र इथे आपोआप मोडतं, कारण कित्येक किलोमीटर दुतर्फा केळीच दिसते. बाग पाहायची असेल तर रस्त्यावर गाडी उभी करून आत शिरू नका, बांधावरच्या माणसाला विचारा. घड उतरवताना चिकाचे थेंब पडतात आणि कपड्यावरचा केळीचा डाग सहजी जात नाही. जुने कपडे घाला. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. मुक्काम चोपड्याला.

चौथा दिवस शिरपूरवरून शहादा आणि तापीकाठचं तीर्थक्षेत्र प्रकाशा. गाडीला आणि तुम्हालाही थोडी विश्रांती. पाचवा तोरणमाळ, सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण, सुमारे ११५० मीटर उंचीवर. 'आदिवासी भाग, नको, धोका आहे' हा समज खुद्द खान्देशातल्याच सपाटीवरच्या माणसांकडून ऐकायला मिळेल, म्हणजे खान्देशी जोडीदाराच्या कागदावरही एक ओळ वाढवा. खरा धोका घाटाचा. शहाद्यातच टाकी भरा, मोबाइलचं नेटवर्क गृहीत धरू नका, नकाशा आधी उतरवून घ्या, दुपारी तीनच्या आसपास उतरायला लागा. उतारावर दुसरा गिअर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर पॅड तापून जळका वास येतो आणि नेमक्या वळणावर ब्रेक हलका लागतो. तसा वास आला तर रुंद जागी थांबून वीस मिनिटं जाऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका. वर यशवंत तलाव आणि सीताखाई. आठवडे बाजारात पावरा बायकांच्या चांदीच्या दागिन्यांकडे कॅमेरा रोखण्याआधी विचारा. नाही म्हटलं तर नाही.

गाडीबद्दल आणखी तीन गोष्टी. टायरची हवा सकाळी, चाकं थंड असताना, दाराच्या कडेला कंपनीनं लिहिलेल्या आकड्याइतकी भरा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा काढणारे पुष्कळ. पण हवा कमी झाली की टायरच्या बाजू जास्त दबतात, आणखी तापतात आणि फुटतात. दुसरी गोष्ट, समोरून ट्रक आला म्हणून पावसानंतर डांबराखाली उतरू नका. काळी माती वरून कोरडी दिसते, खाली लोण्यासारखी असते. चाक रुतलं तर ॲक्सिलरेटर दाबत राहिल्यानं ते आणखी खाली जातं. पुढची माती काढा, काड्या किंवा गोणपाट घाला, दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघा; जमलं नाही तर जवळचा ट्रॅक्टर. तिसरी, रात्री सातनंतर गाडी नको. ऊस आणि कापसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो.

बायको चालवत असेल तर टपरीवर रस्ता सांगणारा हमखास शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघून सांगतो. हे खान्देशापुरतं आहे का, ते दोघांनीही कागदावर प्रामाणिकपणे लिहावं. उपाय सोपा: रस्ता चालवणाऱ्यानं विचारायचा, शेजारच्यानं पाण्याच्या बाटल्या भरायला उतरायचं. 'गाव कोणतं? माहेर कुठलं?' हे प्रश्न बहुतेक वेळा ओळखीचा धागा शोधण्यासाठी असतात. लगेच 'तुमचं माहेर?' असं उलट विचारलं की गप्पा सुरू होतात. आडनावावरून जात चाचपणारा प्रश्नही येईल. तो ओळखा, गावाचं नाव सांगून विषय वळवा. त्याला 'इकडची पद्धत' म्हणून गोड करून घेण्याची गरज नाही.

सहावा दिवस परतीचा. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या, म्हणजे मैदानभर वाळत घातलेली लाल मिरची. वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा आणि नाकाला ओला रुमाल बांधा. धुळ्यात इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या नावाचं राजवाडे संशोधन मंडळ (१९२७) वेळेत गाठता आलं तर उत्तम. अमळनेर बाजूला पडतं, पण १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर (तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था), साने गुरुजी शिकवत ती शाळा आणि १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली विप्रो, हे सगळं एका तालुक्याच्या गावात सापडतं. अर्धा दिवस जास्तीचा असेल तर तिकडे वळा.

घरी न्यायचं सामान: भरताची वांगी कागदात गुंडाळून उघड्या टोपलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून ती देठाकडून सडतात. केळीचा घड वांग्यांपासून लांब, मागच्या सीटवर. वाळलेली मिरची मात्र दुहेरी पिशवीत बांधून डिकीतच, नाहीतर कन्नडच्या घाटापर्यंत दोघंही शिंकत जाल.