शेपशिफ्टर कॅरेक्टरचं वय नुसतं शीटवर लिहू नका, खेळून दाखवा

डी अँड डीमध्ये, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून कॅरेक्टर रंगवायच्या खेळात, कुणी शेपशिफ्टर म्हणजे रूप बदलणारं कॅरेक्टर घेतलं की त्याच्या माहितीच्या शीटवर वय २४ लिहितात आणि विषय तिथंच संपतो, आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या रविवारच्या ग्रुपमध्ये पण लई दिवस हेच चाललं होतं. मला ते पटत नाही, कारण जो हवं ते तोंड लावू शकतो त्याचं खरं वय कुठंतरी दिसलंच पाहिजे.

आधी रेस, म्हणजे कॅरेक्टरची जात, बघा. एबेरॉन या खेळातल्या एका जगातला चेंजलिंग, म्हणजे कुणाचंही तोंड घेऊ शकणारा, माणसापेक्षा थोडा लवकर मोठा होतो आणि जगतो साधारण शंभर वर्षं किंवा कमीच. शिफ्टर, म्हणजे थोडा वेळ जनावरासारखा होणारा, मात्र १० व्या वर्षीच जवान, मनानं पण, आणि सत्तरीच्या पुढं क्वचितच जातो. म्हणजे त्याला पोरासारखा खेळू नका, पण त्यानं १० च पावसाळे बघितलेत हे पण विसरू नका, जुनं युद्ध वगैरे त्याला ऐकूनच माहीत असणार. ड्रुइडचं, म्हणजे जनावराचं रूप घेणाऱ्या निसर्गाच्या जादूगाराचं, वेगळं आहे, २०१४ च्या रूलबुकात १८ व्या लेव्हलला टाइमलेस बॉडी मिळते, १० वर्षं गेली तरी अंग एकच वर्ष म्हातारं होतं.

आता मुख्य गोष्ट. चेंजलिंग रूप बदलून वय लपवतो, पण अंग आतून म्हातारंच राहतं. खेळाच्या जुन्या ३.५ एडिशनमध्ये माणसाला पस्तिशी गाठली की ताकद, चपळाई, काटकपणा एकेकानं कमी व्हायचे आणि बुद्धी, शहाणपण, करिश्मा एकेकानं वाढायचे, पाचव्या एडिशनमध्ये ते काढून टाकलंय. मी तरी मायनस लावत नाही, उठणं-बसणं दाखवतो. माझी आजी खाली बसली की उठताना आधी पदर खोचायची, मग डाव्या हातानं दाराची चौकट धरायची, मग "अव्वा गं" म्हणत गुडघ्यावर भार द्यायची. तुमचा ६० वर्षाचा चेंजलिंग विशीतल्या पहारेकऱ्याचं तोंड लावून बसलाय ना, मग उठताना त्याचा हात आपोआप चौकटीकडं जाऊ दे, आणि समोरच्याला ते लक्षात येतं का बघायला फासा टाकायला, म्हणजे परसेप्शन रोल करायला लावा.

समज कशी वाढते ते दाखवायला आम्हा बेळगावकरांना लांब जायलाच नको, घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात हिंदी-इंग्लिश. लहान पोरगं भाजीवाल्या अक्कांशी मराठीत सुरू होतं आणि घरी येऊन आईला कन्नडमधलं "बेड" (नको) म्हणतं, तसंच लहान चेंजलिंगचं रूप चुकीच्या जागी सुटतं, रडला की, घाबरला की. वयात आला की ज्याच्यावर जीव जडेल त्याचंच तोंड घेऊन फिरतो. मोठा झाला की दोन-चार रूपं पक्की होतात, प्रत्येकाचं नाव, चाल, मित्र वेगळे, आणि कुठं कुठलं लावायचं याचा विचार करावा लागत नाही. बॅकस्टोरी लिहिताना हे तीन टप्पे लिहा, प्रत्येकाला एक प्रसंग द्या, बास.

म्हातारपण मात्र सगळ्यात जपून खेळा. आजीचं माहेर गोकाककडचं, सगळा जन्म आमच्यात मराठी बोलली, शेवटी तापात मात्र नातवंडांशी पण कन्नडच बोलायची. तुमचा म्हातारा चेंजलिंग आजारी पडला, नाहीतर गाढ झोपला, की त्याचं पहिल्यांदा शिकलेलं रूप वर येऊ दे, बहुतेक ते आईचंच असेल, आणि शेजारी बसलेल्या पार्टीला, म्हणजे सोबतच्या कॅरेक्टरांना, ती बाई कोण ते माहीत नसू दे.