घर पाहण्याआधी एजंटाशी करार करताना या चुका टाळा

17 ऑगस्ट 2024 पासून अमेरिकेत एमएलएस, म्हणजे एजंटांची विक्रीच्या घरांची सामायिक यादी, वापरणाऱ्या एजंटाला खरेदीदारास घर दाखवण्याआधी त्याच्याशी लेखी करार करावा लागतो. कमिशनविषयीच्या खटल्यांत ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स’ या संघटनेने जी तडजोड केली, तिच्यातून हा नियम आला. खरेदीदाराला आपण कोणाला, किती आणि कशासाठी पैसे देणार आहोत हे आधी कळावे, हा त्याचा हेतू आहे आणि तो मला मनापासून पटतो. मात्र हा हेतू करार वाचला तरच साधतो. ओळखीच्या अनेक मराठी कुटुंबांचे असे करार मी त्यांच्याबरोबर बसून ओळ न् ओळ वाचले आहेत, आणि दुर्दैवाने त्यांतील बहुतेक कुटुंबे सही करून झाल्यानंतर माझ्याकडे आली होती.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे “कमिशन तर विक्रेताच देतो” या तोंडी वाक्यावर विसंबणे. वर्षानुवर्षे इथे दोन्ही बाजूंच्या एजंटांचे कमिशन विक्रेत्याच्या पैशांतूनच जात असे, त्यामुळे हे वाक्य उच्चारणारा एजंट फसवतच असतो असे मी म्हणणार नाही. परंतु खरेदीदाराच्या एजंटाला विक्रेता किती देईल, हे आता एमएलएसवर लिहिता येत नाही. विक्रेता आजही ती रक्कम देऊ शकतो, पण ते त्या त्या घराच्या वाटाघाटीत ठरते. तुमचा करार मात्र त्याआधीच झालेला असतो, आणि त्यात लिहिलेला मोबदला देण्याची जबाबदारी तुमची असते.

माझ्या मेहुण्याने एका शनिवारी सकाळी घराच्या दारात उभे राहून, फोनवर बोटाने सही केली. आत दुसरे कुटुंब घर पाहत होते आणि आपण मागे पडू, या घाईत त्याने बारा पानांपैकी एकही पान उघडले नाही. करार सहा महिन्यांचा, एकाच एजंटाशी बांधून घेणारा आणि तीन टक्क्यांचा होता. दोन महिन्यांनी त्याला सहा लाख डॉलरचे घर मिळाले, पण त्या विक्रेत्याने दोन टक्केच देण्याचे मान्य केले होते. करारानुसार एजंटाला 18,000 डॉलर मिळायचे होते, विक्रेत्याकडून 12,000 आले आणि उरलेले 6,000 मेहुण्याच्या खात्यावर पडले. हे त्याला क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर होण्याच्या, तीन दिवस आधी, बँकेकडून आलेल्या हिशेबाच्या कागदात दिसले. कमिशनची ही तूट सहसा गृहकर्जात मिळवता येत नाही, ती रोखच भरावी लागते. आईवडिलांच्या तिकिटांसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्याने तिथे भरले. एजंटाने त्याला करारातील कलम दाखवले, आणि एजंटाचे म्हणणे बरोबर होते.

म्हणून मी टक्केवारी कधीही टक्केवारी म्हणून वाचत नाही. आपल्या आवाक्यातील सर्वांत स्वस्त, मधल्या आणि सर्वांत महाग घराच्या किमतीवर ती किती डॉलर होते, हे तीनही आकडे मी समासात लिहितो आणि मगच पुढचे पान उलटतो. घरासाठी ऑफर देताना विक्रेता आपल्या एजंटाचे किती कमिशन देणार, हे त्या ऑफरमध्येच लिहून मागावे, हा माझा दुसरा आग्रह. तीन टक्के हा दर सरकारने ठरवला आहे असे समजणारे लोक मला अजूनही भेटतात. कमिशन कायद्याने ठरलेले नसून त्यावर वाटाघाटी होऊ शकतात, असे वाक्य तडजोडीनुसार करारातच ठळकपणे असावे लागते. “दोन ते तीन टक्के” किंवा “विक्रेता देईल ते” असे मोघम लिहिणेही या नियमात बसत नाही, आणि विक्रेत्याने जास्त देऊ केले तरी एजंटाला करारातील रकमेपेक्षा अधिक घेता येत नाही.

दुसरी चूक मुदतीची आहे. अनोळखी एजंटाबरोबर पहिल्याच दिवशी सहा महिन्यांचा करार करण्याचे काहीही कारण नाही. एका घरापुरता किंवा एका आठवड्याचा करार मागता येतो, आणि मी पहिल्या भेटीला तोच मागतो. अशी मागणी ऐकून एजंट नाराज झाला, तर पुढचे सहा महिने त्याच्याबरोबर कसे जातील याचा अंदाज तिथेच येतो. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून व्यक्तीशी होणारा असा करार तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही आणि तो आपोआप पुढे वाढत नाही. तुमच्या राज्यात अशी मर्यादा नसेल, तर ती तुम्हीच लिहून घ्यावी.

मुदतीइतकेच महत्त्वाचे, पण शेवटच्या पानांत असल्यामुळे कोणी न वाचलेले कलम म्हणजे मुदत संपल्यानंतरच्या संरक्षण-काळाचे. करार चालू असताना एजंटाने दाखवलेले घर तुम्ही मुदत संपल्यावर ठरावीक दिवसांत विकत घेतले, तर त्याचे कमिशन द्यावे लागेल, असे हे कलम सांगते. ते अन्यायाचे नाही, कारण त्या एजंटाने श्रम केलेले असतात. अडचण दुसरा एजंट नेमल्यावर येते. आमच्या ओळखीच्या एका दांपत्याने नव्या एजंटामार्फत नेमके आधी पाहिलेलेच घर घेतले आणि जुन्या व नव्या अशा दोन्ही एजंटांनी कमिशन मागितले. हे दिवस कमी करून घ्यावेत, नव्या लेखी करारानंतर जुना हक्क संपतो असे वाक्य घालून घ्यावे आणि कोणती घरे कोणी, कधी दाखवली याची वही ठेवावी. मी तारखेसह ठेवतो.

नुसत्या ओपन हाऊसला, म्हणजे ठरलेल्या वेळी सर्वांना पाहण्यासाठी खुले ठेवलेल्या घरी, जाण्यासाठी करार लागत नाही, पण तिथला एजंट विक्रेत्याचा असतो, म्हणून त्याला आपले बजेट सांगू नये. एजंटाने थेट व्हिडिओवर घर दाखवले तरी करार लागतो. बिल्डरचे नवे घर करारात येते की नाही, हे आधी विचारावे.

एकच एजंट दोन्ही बाजूंचे प्रतिनिधित्व करील, याला संमती देणारी चौकट घाईघाईने भरली जाते. मी ती नेहमी नाकारतो. फ्लोरिडा आणि कोलोराडो या राज्यांत तर अशी दुहेरी एजन्सी चालतच नाही.

करार बहुधा एजंटाच्या ब्रोकरेज कंपनीशी असतो, त्यामुळे एजंटाशी बोलणे थांबवले किंवा तो नोकरी सोडून गेला, म्हणून करार संपत नाही. करार मोडायचा असेल तर ब्रोकरला, म्हणजे त्या कंपनीच्या जबाबदार प्रमुखाला, पत्र लिहावे, करार कोणत्या तारखेला संपला आणि कोणत्या घरांवर त्यांचा हक्क राहिला हे त्याच्या सहीने परत मागावे, आणि तो कागद हाती येईपर्यंत दुसऱ्या कोणाच्याही करारावर सही करू नये.