अमेरिकेतली ज्यू फ्रॅटर्निटी: सोलापूरहून निघण्याआधी

एम.एस.ला जाणाऱ्यांसाठी हे नाही. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांचं सभासदांपुरतं मंडळ, बहुतेक पदवीच्या मुलांचंच. जुन्या फ्रॅटर्निटी ज्यूंना दारात उभं करत नव्हत्या, म्हणून न्यूयॉर्कमध्ये १८९८ला झीटा बीटा टाऊची सुरुवात झाली, १९१३ला अल्फा एप्सिलॉन पायची. हेतू सोबतीचा, आणि समाजासाठी पुढारी घडवण्याचा. झीटा बीटा टाऊने १९५४पासून इतर धर्मीयांनाही दार उघडलं.

सत्राच्या सुरुवातीला ‘रश’ असतो, म्हणजे नवे सभासद निवडायच्या भेटीगाठी. भेटा, खा, पण लगेच होकार देऊ नका. वर्गणी, घरभाडं, दंड लेखी मागा. नवख्यांचा छळ झाल्याची नोंद विद्यापीठाकडे आहे का, तेही तपासा. याच छळापायी झीटा बीटा टाऊने १९८९मध्ये नवख्यांना आधी काही काळ उमेदवार म्हणून ठेवायची प्रथाच मोडली.

कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांत बसणारं जेवण, शाकाहारी नव्हे! तिथल्या कोशर स्वयंपाकघरात घरची शेंगाचटणीसुद्धा विचारूनच न्या.