आई-बाबांना सारखी खाज येतेय आणि पुरळ तर दिसत नाही? मग या क्रमाने बघा

साठी-सत्तरी उलटलेल्या माणसाने अंगाला खाज सुटते म्हटलं की आपल्याकडे उत्तरं दोनच, एकतर "उष्णता झालीय, सब्जा घ्या" नाहीतर "आता वय झालं, चालायचंच". दोन्ही सोडा. ६ आठवड्यांच्या वर टिकलेल्या खाजेला डॉक्टर जुनाट खाज म्हणतात आणि तिचं कारण शोधतात, म्हाताऱ्या माणसांत ते बरेचदा कोरडी कातडी हेच निघतं. ते घरच्या घरी पुष्कळ आटोक्यात येतं, फक्त रोज करावं लागतं, आठवण झाली तेव्हा बोटभर क्रीम चोपडून काही होत नाही.

आधी नीट बघा. उजेडात, चष्मा लावून, पाठ, पोट, नडग्या, बोटांच्या बेचक्या सगळं. बाबा लोक लाजतात, सुनेला तर पाठ दाखवणारच नाहीत, तर मुलाने बघावं. नडगीवर नखाने हलकं ओढलं आणि पांढरी रेघ उमटली, वर कोंडा दिसला, बारीक भेगा दिसल्या तर कातडी कोरडी आहे. वयानुसार कातडीतलं तेल कमी होतं, ओलावा धरून ठेवायची ताकद जाते. त्यात आपल्या पुण्याची थंडी, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास आणि हवा एकदम कोरडी, आणि नेमकं तेव्हाच या लोकांना कडकडीत पाणी लागतं.

म्हणून सुरुवात आंघोळीपासून. पाणी कोमट, वेळ ५ ते १० मिनिटं. सोलरचं पाणी वाफा येणारं असतं आणि त्याने खाजेला तेवढ्यापुरतं बरं वाटतं हे खरंय, म्हणून तर ऐकत नाहीत, पण नंतर दुप्पट खाजवत बसतात. बादलीत पाणी तुम्हीच काढून द्या, वाद मिटतो. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलं, रोज अंगभर फेस करायची काही गरज नाही, दिवसभर घरात बसलेल्या माणसाला मळ लागतो कितीसा? नेहमीचा साबण अल्कधर्मी, पीएच ९-१० चा, आणि आपली कातडी ५ च्या आसपास, म्हणून तो कातडी आणखी कोरडी करतो. मेडिकलमध्ये सिंडेट बार मागा (दिसायला साबणाचीच वडी, पण अल्कधर्मी नसलेली), बिनवासाचा. वाघोली, उंड्रीकडे जिथे टँकरच्या नाहीतर बोअरच्या जड पाण्यावर दिवस काढावे लागतात तिथे साबण अंगावरून नीट निघत पण नाही, त्यांनी तर याकडे जास्तच लक्ष द्या. पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतणं बंद. वजरी, घासणी, डाळीचं पीठ हेही बंद, दिवाळीला अभ्यंगाचं तेल लावा पण उटण्याने खसाखसा घासू नका.

पंचाने टिपायचं, रगडायचं नाही, आणि अंग जरा ओलसर असतानाच ३-४ मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावायचं. ही वेळ चुकली की उपयोग कमी होतो. कुठलं? जे परवडेल आणि ज्याला वास नाही ते. साधं पेट्रोलियम जेली चालतं, लिक्विड पॅराफिन-ग्लिसरीनचं क्रीम चालतं, सेरामाइडवालं चांगलं पण महाग, युरिया ५-१० टक्केवालं पण चांगलं, फक्त भेगांवर किंवा खाजवून सोललेल्या जागी झोंबतं. खोबरेल तेल ओल्या अंगावर लावलं तर तेही बरं. मोहरीचं तेल, कापूर घातलेलं मालिशचं तेल नको.

आणि किती लावायचं यात सगळे कंजूषपणा करतात. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोन वेळा पण पुरत नाही, आणि लावायचं दिवसातून दोनदा. सरळ ४००-५०० ग्रॅमचा डबा घ्या. लावताना वरून खाली, केसांच्या दिशेने. तळपायाला लावलं तर मोजे घाला, घसरून खुब्याचं हाड मोडलं तर खाज राहील बाजूला. अजून एक, पॅराफिन मुरलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात, देवापुढे निरांजन लावताना, गॅसपाशी जाताना पदर-बाह्या सांभाळा, विडी-सिगरेट ओढणाऱ्यांना तर स्पष्ट सांगून ठेवा.

खाज उठलीच तर फणी, पट्टी, उलथणं (हो, उलथण्याने पाठ खाजवणारे लोक आहेत) काढून घ्या आणि गार पाण्यात पिळलेला पंचा त्या जागी ठेवा. मॉइश्चरायझर फ्रीजमध्ये ठेवलं तर लावल्या लावल्या बरं वाटतं. नखं तुम्ही कापा, त्यांना नीट दिसत नाही. लोकरीचा स्वेटर थेट अंगाला लागू देऊ नका, आत सुती बनियन हवाच.

हे सगळं २-३ आठवडे मनापासून करून फरक नाही, किंवा मुळात कातडी कोरडी दिसतच नाही, तर मग पुढचं. रात्री खाज वाढते, बेचक्यांत, मनगटावर, बेंबीपाशी बारीक पुरळ आहे आणि घरात अजून कोणाला, किंवा ब्यूरोमधून सांभाळायला येणाऱ्या मावशींनाही खाजतंय, तर खरूज समजून लगेच दाखवा. स्वच्छ घरात पण होते, लपवण्यासारखं काही नाही. परमेथ्रिन ५ टक्के क्रीम डॉक्टर सांगतील तसं रात्रभर, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, आठवड्याने परत. कपडे-चादरी त्याच दिवशी गरम पाण्यात, जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून ३-४ दिवस बाजूला. नंतर २-४ आठवडे खाज रेंगाळते, त्याला औषध लागू पडलं नाही असं समजू नका.

तळजाईवर किंवा कुठल्याही टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्या आजोबांना फक्त चेहरा, मान, कोपराचा खळगा अशा उघड्या जागीच खाज आणि लाली असेल तर गाजर गवत आठवा, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो. देशात या तणाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते १९५० च्या दशकात, आणि ते आपल्या पुण्यातच! हवेतून उडून येणाऱ्या कणांनी सुद्धा अ‍ॅलर्जी उठते. डोक्याला, कानामागे खाज असेल तर केसांचा डाय, 'काळी मेंदी' सुद्धा, तिच्यातही तोच डाय असतो. खांद्याच्या पात्याखाली एकाच बाजूला, एकच जागा वर्षानुवर्षं खाजतेय आणि तिथे काळा डाग पडलाय, तर तो मज्जातंतूचा (नर्व्हचा) प्रकार असू शकतो, तिथे कितीही क्रीम लावा विशेष फरक पडत नाही, त्याच्या गोळ्या वेगळ्या असतात.

मग औषधांची पिशवी उलटी करा. बीपीच्या गोळ्यांपैकी अ‍ॅम्लोडिपिन, हायड्रोक्लोरोथायझाइड यांनी काहींना खाज किंवा चट्टे येतात, गोळी जुनी असली तरी. शुगरच्या 'ग्लिप्टिन' शेवट असलेल्या गोळ्यांवर असणाऱ्यांत पेम्फिगॉइड नावाचा फोडांचा आजार जास्त दिसतो, आणि त्यात फोड यायच्या आधी कित्येक आठवडे नुसती खाजच असते. गोळी मनाने बंद मात्र करायची नाही, यादी घेऊन डॉक्टरांना विचारायचं.

मेडिकलवाल्याकडून दोन गोष्टी अजिबात घेऊ नका. एक, झोप आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी, क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन वगैरे. कोरड्या कातडीच्या खाजेवर ती फारशी चालतच नाही, फक्त गुंगी येते, रात्री उठताना तोल जातो, गोंधळल्यासारखं होतं, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडकते. दोन, तीन-चार औषधं एकत्र असलेलं क्रीम, खोक्यावर क्लोबेटासोल (हे जहाल स्टिरॉइड) वाचलंत की खाली ठेवा, म्हातारी कातडी आणखी पातळ होते, आणि नायटा असेल तर तो दबल्यासारखा दिसून पसरतो.

डोळे पिवळे, वजन उतरतंय, रात्री घाम फुटतो, ताप, मानेत-काखेत गाठी, अंगावर फोड, यातलं काहीही असेल तर वरचं काही करत बसू नका, लगेच गाठा. नाहीतर साध्या अपॉइंटमेंटने स्किनच्या डॉक्टरकडे, परवडत नसेल तर ससूनच्या ओपीडीत. ते बहुधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शुगर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), लिव्हर, थायरॉइड सांगतील, कारण किडनी, लिव्हर, लोह कमी असणं यानेही पुरळ न येता खाज येते. आधीचे रिपोर्ट, सगळ्या गोळ्या, आणि आतापर्यंत जे जे फासलंय त्या ट्यूब, शेजारच्या काकूंनी दिलेला लेप धरून, एका पिशवीत न्या. आणि त्या दिवशी सकाळी अंगाला काही लावू नका, डॉक्टरांना कातडी आहे तशी दिसू दे.